गच्चीतला अनंत पिवळा पडतोय (इंदूर, काळी माती)

तिसरा_मजला · १६ मे

मंडळी, बागकामाचे धागे इथे पुष्कळ आहेत, पण बहुतेक पुण्या-मुंबईचे. ते वाचून इकडे केलं की फसतं. म्हणून इंदुराचा वेगळा काढतेय.

आम्ही सुदामा नगरच्या बाजूला तिसऱ्या मजल्यावर राहतो. बाल्कनी पश्चिमेची. वरची गच्ची सामाईक, तिचा एक कोपरा शेजाऱ्यांच्या कृपेने माझा. वीसेक गमले आहेत. (गमलेच म्हणणार. कुंडी म्हटलं की आमच्या नर्सरीवाल्याला कळतच नाही.) तुळस, मोगरा, सदाफुली, गवती चहा मजेत आहेत. रडतात दोघं, कढीपत्ता आणि अनंत.

अनंताचं असं झालं. चिपळूणला आत्याच्या परसात जुनं झाड आहे. तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात तिने चार फांद्या ओल्या फडक्यात गुंडाळून, वरून प्लास्टिक बांधून दिल्या. अवंतिका एक्स्प्रेसमध्ये रात्रभर त्या माझ्या उशाशी. चारांतली एक जगली. पहिल्या वर्षी सात फुलं, तेव्हा अख्खा जिना घमघमला. मग उतरती कळा. आता नवी पानं येतात ती पिवळीच, शिरा तेवढ्या हिरव्या. कळ्या शेंगदाण्याएवढ्या होतात आणि गळतात. कढीपत्ता तर दोन वर्षं फूटभरच.

माती दिरांनी देपालपूरच्या शेतातून आणलेली, सोन्यासारखी काळीभोर. खत म्हणून सरसोंच्या खलीचं (मोहरीच्या पेंडीचं) पाणी, महिन्यातून एकदा अंड्याची टरफलं कुटून, कढीपत्त्याला आंबट ताक. पाणी दोन वेळा. एवढं करून हे. आत्याला फोनवर खोटं सांगते की छान आहे.

माळवी_मिरची · १६ मे

ताई, सोन्यासारखी माती गमल्यात घातली की सोन्यासारखीच होते. घट्ट.

केळफूल · १६ मे

टरफलं चालू ठेव, कॅल्शियम मिळतं. केळ्याच्या साली तीन दिवस भिजवून ते पाणी घाल. एप्सम सॉल्ट चमचाभर. माझ्या बहिणीचा गुलाब याच्यावर असा फुलला की बघत राहावं. आणि झाडाशी रोज बोल. हसू नका कोणी.

खुरपी_आणि_चष्मा · १७ मे

अनंताचं दुखणं तुम्ही इतकं नेमकं लिहिलंत की फोटोची गरज नाही. तरी आधी तीन गोष्टी सांगा. पिवळेपणा कोवळ्या पानांवर की जुन्या? पाणी नर्मदेचं (नळाचं) की बोरिंगचं? आणि पाणी घातल्यावर ते खालच्या भोकातून किती वेळात बाहेर येतं? तिसरी गोष्ट घड्याळ लावून बघा. तोवर काही घालू नका, केळ्याचं पाणीसुद्धा नाही.

तिसरा_मजला · १७ मे

काका (काकाच आहात ना? चष्म्यावरून समजले), पिवळी कोवळीच. जुनी खालची बऱ्यापैकी हिरवी.

पाण्याचं, नर्मदा एक दिवसाआड येते ती प्यायला आणि स्वयंपाकाला. बाकी सगळं बोरिंग. आणि एक कबुली. मी झाडांना आरओच्या नळीतून जे पाणी वाया जातं ते साठवून घालते. पाणी वाचवायचं म्हणून. त्याचं कौतुकही झालंय सोसायटीत.

घड्याळ लावलं. दीड तांब्या घातला, अकरा सेकंदांत खालून धार. मला वाटायचं, वा, निचरा किती छान! मग वाकून बघितलं. माती गमल्याच्या कडेपासून सुटलीये, बोट जाईल एवढी फट आहे सगळीकडून. पाणी मातीवर पडतं, कडेला धावतं आणि त्या फटीतून सरळ खाली. मधोमध स्वयंपाकघरातली सुरी खुपसली तर दोन इंचांवर अडकली. आत विटेसारखं कोरडं. म्हणजे मी गेली दोन वर्षं गमला धूत होते.

माळवी_मिरची · १७ मे

'गमला धूत होते' 😂 हे फ्रेम करून लावा.

खुरपी_आणि_चष्मा · १८ मे

काका चालेल, आजोबाही चालेल. तीस वर्षं पोरांना माती शिकवली, त्यामुळे थोडं लांबेल.

काळ्या मातीतला चिकणमातीचा कण पाणी पिऊन फुगतो आणि वाळला की आकसतो. शेतात उन्हाळ्यात पाय जाईल अशा भेगा पडतात ना, तेच. शेतात ते बरंच असतं. भेगांतून वरची माती खाली पडते, जमीन आपली आपणच उलटते. गमल्यात मात्र भेग पडायला जागा एकच, कडेची. शेतात तीन-चार फूट खोल, बाजूला मोकळं रान असतं. दहा इंचांच्या डब्यात तीच माती ओली असली तर चिखल, वाळली तर वीट. दोन्ही वेळा मुळांना हवा नाही. तुमच्या तुळशीचं चालतं कारण ती बिचारी कशातही जगते.

आता पिवळेपणा. नत्र कमी पडलं तर आधी जुनी पानं पिवळी पडतात, कारण झाड त्यांतलं काढून कोवळ्यांना देतं. लोह मात्र झाडाला असं हलवता येत नाही. म्हणून नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, ही लोहाची खूण. गंमत अशी की तुमच्या मातीत लोह भरपूर असणार. पण माळव्याची काळी माती मुळात अल्कधर्मी, सामू (पीएच) साडेसातच्या वर, त्यात चुनखडीचे खडे. अशा मातीत लोह झाडाला मिळेल अशा रूपात राहत नाही. कोठीत धान्य आहे, कुलूप लागलंय. अनंत हा आंबट मातीतला जीव. चिपळूणच्या जांभ्याच्या लाल मातीतून त्याला उचलून तुम्ही चुन्यात बसवलंत.

आणि त्यावर टरफलं! टरफल म्हणजे चुनाच. केळफूलताई रागावू नका, पण अनंताला टरफलं म्हणजे मधुमेहाच्या माणसाला रोज पेढा. आरओचं वाया जाणारं पाणी तर त्याहून वाईट. गाळून घेतलेल्या पाण्यातले क्षार त्या उरलेल्या पाण्यात गोळा होतात. त्याने फरशी पुसा, संडास धुवा, झाडांना नको.

केळफूल · १८ मे

रागावले नाही. पण बहिणीचा गुलाब फुलला हे खरं आहे.

खुरपी_आणि_चष्मा · १८ मे

फुलला असेल. गुलाबाला अल्कधर्मी माती अनंताइतकी टोचत नाही. शिवाय बहीण त्याच्याशी बोलत असेल.

तिसरा_मजला · १९ मे

शेजाऱ्यांकडून टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजायचं यंत्र आणलं. नर्मदेचं २६०, बोरिंगचं ८४०, आरओच्या नळीचं १,३०० च्या वर. मला आता अनंताकडे बघवत नाही. आज उचलून नव्या मातीत लावू का?

खुरपी_आणि_चष्मा · १९ मे

अजिबात नाही! बेचाळीस अंशांत मुळं उघडी करायची नाहीत. पाऊस येऊ द्या, जूनच्या शेवटाला बघू. तोवर एवढंच: गमला बादलीत पाणी भरून गळ्यापर्यंत बुडवा, बुडबुडे थांबेपर्यंत. मातीचा गोळा परत फुगून कडेला टेकेल. पाणी नर्मदेचं. नंतर वर दोन इंच पालापाचोळा किंवा सोयाबीनचं भुसकट पसरा, दिरांकडे ढिगाने असेल. पश्चिमेचं ऊन बंद, हिरवी जाळी लावा. आणि फवारणी, एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि एक ग्रॅम लिंबूफूल (सायट्रिक ॲसिड). संध्याकाळी, पानांच्या दोन्ही बाजूंना, आठ-दहा दिवसांनी परत. मातीत हिराकस घालून उपयोग नाही, तिथे कुलूपच लागणार. मातीतूनच द्यायचं असेल तर ईडीडीएचए प्रकारचं लोहाचं चिलेट (लोह धरून ठेवणारं संयुग) मिळतं, तपकिरी-लाल भुकटी. ते चुनखडीच्या मातीतही टिकतं. साधं ईडीटीएचं आपल्याकडच्या मातीत फार टिकत नाही. दुकानदार 'एकच आहे' म्हणेल, ऐकू नका.

बडोद्याची_वडाखाली · २० मे

आमच्याकडे काळी आणि गोराडू (रेताड, भुसभुशीत) दोन्ही माती मिळतात. नर्सरीवाल्याला 'गोराडू' असं ठणकावून सांगायचं, नाहीतर तो कुठलीही भरून देतो. एकदा 'तयार माती' म्हणून पोती घेतली, घरी ओतली तर निम्मा बांधकामाचा राडारोडा. विटांचे तुकडे, सिमेंट, एक चमचासुद्धा निघाला. चमचा वापरतेय.

मुळांच्या हवेवरून आठवलं. २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्रीचं पाणी घरात होतं, कुंड्या तीन दिवस बुडालेल्या. पाणी ओसरल्यावर पहिलं काम, कुंड्यांच्या मागे मगर नाही ना हे काठीने बघणं. (बाहेरच्यांना विनोद वाटतो.) झाडं हिरवीगार दिसत होती, म्हटलं वाचली. आठ दिवसांनी एकेक मान टाकत गेली. मुळं गुदमरून कुजली होती.

किल्ल्याच्या_पायथ्याशी · २० मे

ग्वाल्हेरहून. कढीपत्ता इकडे थंडीत सगळी पानं गाळतो, खराटा होतो. पहिल्या वर्षी मी मेला म्हणून उपटला. आतून हिरवा होता! तेव्हापासून होळीपर्यंत कुणालाही मेलेला म्हणत नाही. ताई, तुम्ही पानं कशी तोडता? एकेक पान ओरबाडत असाल तर फूटभरच राहणार. शेंडा खोडा, अख्खी डहाळी कापून घ्या, खालून दोन फुटतात.

तिसरा_मजला · २० मे

एकेक पान. फोडणीपुरती चार. दया येते म्हणून.

रामबागकर · २३ मे

उशिरा आलो. माती झाली, पण खताचं कुणी बोललं नाही आणि इंदूरकरांनी ते न बोलणं म्हणजे हद्द झाली.

जगभर कंपोस्टच्या एका पद्धतीला आपल्या गावाचं नाव आहे, 'इंदूर पद्धत'. १९२४ साली होळकर दरबाराने दिलेल्या जमिनीवर इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री निघाली, मुख्य काम कापसावरचं संशोधन. आज जिथे कृषी महाविद्यालय आहे तीच जागा. तिथे अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शास्त्रज्ञ १९३१ पर्यंत होते. कापसाच्या पऱ्हाट्या, तण, पालापाचोळा, शेण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती आणि लाकडाची राख, हे थरांनी लांबरुंद पण उथळ खड्ड्यात रचायचं, पाणी शिंपडायचं, तीनदा उलटायचं. तीन महिन्यांत खत. १९३५ मध्ये गांधीजी हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदुरात आले तेव्हा ही पद्धत बघायला तिथे जाऊन आले.

आणि हे कुणी सांगत नाही: १९३१ साली या पद्धतीवर जे पुस्तक आलं त्यावर हॉवर्ड यांच्या जोडीला यशवंत वाड यांचं नाव आहे. हॉवर्ड यांना सेंद्रिय शेतीचे जनक वगैरे म्हणतात, वाडांचं नाव गावातल्या दहा माणसांना विचारा. मी विचारलंय. नऊ जणांनी 'कुठला वाडा?' म्हटलं.

माळवी_मिरची · २३ मे

दहावा कोण?

रामबागकर · २३ मे

मीच.

तिसरा_मजला · २४ मे

हे सगळं मला नवीन आहे! पण फ्लॅटात पऱ्हाट्या आणि गोठा कुठून आणू? आणि आपल्याकडे गाडी रोज ओला कचरा नेते, त्याचा देवगुराड्याच्या प्लांटमध्ये गॅस होतो. मग घरी का सडवायचं?

नीटनेटकी · २४ मे

हेच म्हणणार होते. २०१७ पासून शहर स्वच्छतेत पहिलं येतंय ते आपण कचरा वेगळा करून गाडीला देतो म्हणून. साडेपाचशे टनांचा प्लांट कशाला बांधलाय? मी बाल्कनीत डबा ठेवून बघितला. पाचव्या दिवशी वास, नवव्या दिवशी झाकण उघडलं तर आत पांढऱ्या-करड्या अळ्यांचं वारूळ, खदखदतंय. सासूबाई आतून 'काय गं झालं' ओरडताहेत आणि मी डबा धरून जिन्यात. गाडीच्या भैयाने पण नाक मुरडलं.

खुरपी_आणि_चष्मा · २४ मे

अळ्या ब्लॅक सोल्जर माशीच्या असणार. निरुपद्रवी, उलट कचरा झपाट्याने खातात. पण सासूबाईंना हे पटवण्याची जबाबदारी माझी नाही.

वास आला म्हणजे ओलं जास्त, कोरडं कमी. एक वाटी भाजीच्या देठांवर दोन-तीन वाट्या सुकी पानं किंवा भुसकट हवं. आपण नेमकं उलटं करतो. डब्याला बाजूंनी भोकं, चार दिवसांनी ढवळणं. हॉवर्ड-वाड उलटवत होते तेही याचसाठी, आत हवा जावी म्हणून. चहाचा चोथा चालेल, पण दूध-साखर धुऊन. शिजलेलं अन्न नको, उंदीर येतात.

गाडीला देण्यात काही वाईट नाही. ज्याला माती हवी त्याने घरी करावं, बाकीच्यांनी गाडीला द्यावं. एवढ्यावर भांडण नको.

नीटनेटकी · २४ मे

भांडत नव्हते. अळ्या सांगत होते.

तिसरा_मजला · २९ जून

परत आले. मध्ये बरंच रामायण झालं.

बुडवण्या-फवारण्या केल्या. पाऊस लागल्यावर अनंत काढला. गमला आडवा करून थोपटला तर गोळा एकसंध बाहेर आला, तासलेल्या दगडासारखा. मुळं सगळी बाहेरच्या बाजूला, कडेच्या फटीत जाळं विणल्यासारखी. मधल्या मातीत एक मूळ नाही! बिचारं झाड पाणी जिथून जायचं तिथेच जाऊन बसलं होतं. मला भरून आलं, खोटं कशाला सांगू.

काकांना फोनवर विचारून मिश्रण केलं. (काका, किती वेळा फोन केला त्याबद्दल माफी.) अनंताला शेतातली माती शून्य: धुतलेलं कोकोपीट, पालापाचोळ्याचं खत आणि जाड रेती. कढीपत्त्याला एक भाग काळी माती, दोन भाग खत, एक कोकोपीट, एक रेती. मी म्हटलं होतं काळ्या मातीतच थोडी रेती मिसळते, तर काका म्हणाले चिखलात थोडी रेती म्हणजे भिंतीचा गिलावा. गच्चीच्या पाइपखाली पिंप ठेवलंय, अनंताला फक्त पावसाचं पाणी.

आता रामायण. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या पापडांवर माझ्या बाल्कनीतून खताचं पाणी ठिबकलं. उडदाचे पापड, शंभर. दारात उभ्या राहिल्या, बोलल्या काहीच नाहीत, ताट पुढे केलं. मी दुसऱ्या दिवशी सराफ्याच्या खाऊगल्लीतून भुट्ट्याचा कीस आणि रबडी घेऊन गेले. सगळ्या गमल्यांखाली ताटल्या आल्यात.

किल्ल्याच्या_पायथ्याशी · ३० जून

ताटलीत पाणी साठू देऊ नका. डासांनी डेंग्यू आला तर रबडीने भागणार नाही.

रामबागकर · ३० जून

आणि गच्चीवर वजन बघा. वीस लिटरच्या बादलीभर ओली काळी माती तीस किलोच्या पुढे जाते. मोठे गमले भिंतीच्या कडेला, मधोमध नको.

तिसरा_मजला · २ सप्टेंबर

कढीपत्ता पावणेतीन फूट! डहाळ्या कापते, दया सोडलीये. खालच्या काकू आता बेल न वाजवता वर येऊन नेतात.

यंदा अळूही लावलं. तेरडा मात्र रुसला, गौरींसाठी विकतच आणावा लागणार. नर्सरीत 'गुलमेहंदी' म्हणायचं हे मला कळायला पंधरा वर्षं लागली, त्याआधी मी दरवर्षी 'तेरडा, तेरडा' करत हात हलवून दाखवायचे.

अनंताची पानं हिरवी झालीत, काळसर, चकचकीत. जुलैच्या शेवटी पाच कळ्या होत्या. आत्याला दाखवावं म्हणून व्हिडिओ कॉलसाठी गमला उचलून उजेडात आणला, दोन दिवस तिथेच राहिला. पाचही गळल्या.

खुरपी_आणि_चष्मा · २ सप्टेंबर

कळ्या धरल्यावर अनंताची जागा हलवायची नाही. हे मी सांगायला हवं होतं. माझी चूक.

केळफूल · २ सप्टेंबर

आत्या काय म्हणाल्या?

तिसरा_मजला · ३ सप्टेंबर

कळ्यांकडे बघितलंच नाही तिने. म्हणाली पानं बरी आहेत, आधी किती वाईट होती ते तू सांगितलं नाहीस तरी माझ्या भाच्याने मार्चमध्येच फोटो पाठवला होता.

काका, एकच राहिलं. हिराकसच्या फवारणीने गच्चीच्या कोटा फरशीवर गंजासारखे डाग पडलेत. कशाने जातील? सोसायटीची मीटिंग रविवारी आहे.

खुरपी_आणि_चष्मा · ३ सप्टेंबर

लिंबूफुलाने जातात, पण कोटा चुन्याचाच दगड, आंबट लागलं की पॉलिश खातं. डाग गेला तरी जागा पांढुरकी दिसेल.

तिसरा_मजला · ३ सप्टेंबर

मग राहू दे. तिथे अळूचा गमला सरकवलाय.